भाऊमामांची ती रात्र

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
५ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे रविवारी फोनवरच बोलायचं होतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि भाऊमामा शेजारी झोपाळ्यावर बसलेले असतात. त्यांच्यासमोर एकदम विषय काढायला मन धजेना, म्हणून कागद घेतला. वाचून झालं की नाशिकला ताईकडे पाठव. तिलाही ती रात्र आठवत असणार.

भाऊमामा बडवाहहून स्कूटरने परत आले ती रात्र. १९८३चा पावसाळा नुकताच सरला होता, मी सात वर्षांची. संध्याकाळी आठला निघालेला माणूस फार तर साडेदहाला इंदूरला, रामबागेत पोचायला हवा, ते आले पावणेतीनला. ओट्यावर बसले आणि मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला लागले. किल्ली फिरत नव्हती, कारण ती आधीच पुरी दिलेली होती. तरी त्यांची बोटं थांबेनात. मी तुझ्या पदराआडून बघत होते.

भेरूघाटात दरीच्या अंगाला, झाडांच्या शेंड्यांवर एक उजेड दिसला, असं ते म्हणाले. ट्रकचा नव्हे, हलतही नव्हता. रातकिडे सगळे एकदम गप्प झाले. त्यानंतरचं त्यांना आठवतं ते थेट सिमरोलच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, स्कूटर बंद. मधले चार तास नाहीतच.

आजीने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि म्हणाली, ‘चकवा लागला पोराला.’ शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘ऊपर की हवा है.’ सकाळी खजराण्याच्या गणपतीला नारळ फोडला आणि विषय मिटला. पण तो मिटला नव्हता, आई. त्यांना रात्री छातीवर दडपण यायचं, अंथरुणाच्या पायथ्याशी कोणी उभं आहे असं वाटायचं, हे तू मला मोठी झाल्यावर सांगितलंस. नागपूरच्या मावशीची तार यायच्या आदल्या दिवशी ते जेवणाच्या ताटावरून का उठले, तेही. पुढे वाड्यातली मुलं त्यांना ‘चकवामामा’ म्हणायला लागली आणि ते बोलायचेच बंद झाले. त्या मुलांत मीही होते. ते आजही माझ्या मनाला लागून आहे.

आता हे आजच का, ते सांगते. मागच्या शनिवारी आम्ही पानगळ बघायला लिंकन नावाच्या गावी गेलो, इथून दीड तासावर. डोंगर लाल-केशरी झाले होते. तिथे रूट ३ला लागून राज्य सरकारने २०११ साली लावलेला एक हिरवा फलक आहे. १९ सप्टेंबर १९६१च्या रात्री बेटी आणि बार्नी हिल हे नवरा-बायको कॅनडाहून पोर्ट्समथला, आपल्या घरी चालले होते. तो टपाल खात्यात, ती समाजसेविका. आकाशातला एक उजेड त्यांच्या गाडीमागे लागला आणि पुढे लक्षात आलं की दोन तासांचा हिशोबच लागत नाही. त्यांची घड्याळंही बंद पडली होती. मी फलक वाचत होते आणि डोळ्यांपुढे भाऊमामांची बोटं होती.

त्यानंतर इथल्या वाचनालयात या विषयावर एक संध्याकाळ होती, तिथे गेले. ऐंशीच्या पुढचे एक शेतकरी उठून बोलले. साठच्या दशकात गोठ्यावर त्यांनी उजेड पाहिला, पोलिसांना कळवलं. त्याच आठवड्यात त्यांचा वारलेला भाऊ रात्री पलंगाच्या पायथ्याशी उभा दिसला. ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणाले, ‘उजेडाचं विचारायला माणसं आली होती, भावाचं विचारायला कोणी आलं नव्हतं.’

आई, मला सगळ्यात जास्त हेच लागलं. इथल्या हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातल्या अशा बातम्यांचा तपास केला. एकंदर १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ उलगडल्या नाहीत. प्रश्न असायचे ते आकार, दिशा, वेग, किती वेळ दिसलं, असे. मेलेला भाऊ लिहायला कागदावर जागाच नाही. उलट भुताखेतांच्या मागे लागणारे लोक आकाशातला उजेड सोडून देतात. एकाच माणसाचा एकच अनुभव दोन टोपल्यांत वाटला जातो. आपल्या घरी याच्या नेमकं उलट झालं. आजीने चकवा ठेवला आणि उजेड टाकून दिला.

दोन्ही एकत्र ठेवून बघणारेही काही निघाले. जाक व्हॅले हा फ्रान्समध्ये जन्मलेला खगोलशास्त्राचा माणूस. त्याने १९६९ साली पुस्तक लिहून दाखवलं की उडत्या तबकड्यांच्या गोष्टी आणि युरोपातल्या जुन्या पऱ्यांच्या गोष्टी एकाच वळणाच्या आहेत: उजेड, वाट चुकणं, थोडा वेळ गेलासा वाटून खूप वेळ गेलेला असणं. चकव्याचं नाव त्याला माहीत असतं तर त्याने तेही घेतलं असतं, असं मला वाटतं. जेनी रँडल्स या इंग्लंडमधल्या बाईंनी आणखी एक खूण टिपली. अशा वेळी भोवतालचे आवाज नाहीसे होतात आणि जगापासून तुटल्यासारखं वाटतं, असं माणसं पुन्हा पुन्हा सांगतात. रातकिडे गप्प झाले, हे भाऊमामांनी कुठलंही पुस्तक न वाचता सांगितलं होतं.

केनेथ रिंग या मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली मरणाच्या दारातून परत आलेली माणसं आणि हे उजेड पाहिलेली माणसं यांची तुलना छापली. दोन्हीकडच्यांनी पुढे बरंच सारखं सांगितलं: आधीच कळल्यासारखं होणं, विजेच्या वस्तूंचं काहीतरी बिनसणं. आणि लहानपणी सोसलेलं दुःख दोन्हीकडे जास्त. हे वाचून मी थांबले. भाऊमामा नऊ वर्षांचे असताना आजोबा गेले ना?

पण मला एकच बाजू सांगायची नाही. मला स्वतःला कोणी परग्रहवासी भेरूघाटात उतरले असं वाटत नाही. पायथ्याशी उभं राहणारं कोणी, छातीवरचं ओझं, हात-पाय न हलणं, याला झोपेतला पक्षाघात म्हणतात. स्वप्नाच्या झोपेत शरीर मुद्दाम लुळं ठेवलेलं असतं, म्हणजे स्वप्नात धावताना आपण खरोखर पाय झाडत नाही. कधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर मागे राहतं. मग डोळे उघडे आणि स्वप्न चालूच. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. आपण मुंजा बसला म्हणतो, इथे परग्रहवाला आला म्हणतात. ऑटावाच्या कार्लटन विद्यापीठात १९९३ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की उडत्या तबकड्यांचे अनुभव सांगणारे लोक वेडे नसतात, कल्पनेतही इतरांपेक्षा जास्त रमत नाहीत. मात्र जे अनुभव फार तीव्र होते, ते बहुतेक झोपेशी जोडलेले निघाले.

हिल यांचंही तसंच. उजेडानंतर काही दिवसांनी बेटीला भयानक स्वप्नं पडायला लागली. १९६४ साली बॉस्टनच्या डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळं संमोहनाखाली नेलं, तेव्हा परग्रहवासीयांनी पळवून नेल्याची सगळी हकीकत बाहेर आली. डॉक्टरांचं स्वतःचं मत असं की ती बेटीच्या स्वप्नांतून आली, आणि नवऱ्याने ती स्वप्नं ऐकलेली होती. मला ते पटतं. रस्त्यावरचा उजेड काय होता, हा प्रश्न तरीही उरतोच.

आणि आगाऊ कळण्याचं? खरं ठरलेलं आपण वर्षानुवर्षं सांगतो, खोटं ठरलेलं दुसऱ्या दिवशी विसरतो. मावशीची तार आपल्या लक्षात राहिली. भाऊमामा ताटावरून उठले आणि कोणतीच तार आली नाही, असे दिवस किती होते? कोणी मोजलेच नाहीत.

पण हार्वर्डमधला एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. २००४ साली रिचर्ड मॅकनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आपल्याला पळवून नेलं होतं असं मानणाऱ्या लोकांना त्यांचीच हकीकत ऐकवली. त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, घाम फुटला, अगदी युद्धातून परतलेल्या जखमी मनाच्या माणसांसारखा. मॅकनलींचा परग्रहवासीयांवर विश्वास नाही. तरी त्यांच्या यंत्रावर भीती खरी उमटली. आपण भाऊमामांना हसलो तेव्हा त्यांना हाच घाम फुटत असेल.

म्हणून एक काम कर. दुपारचा चहा झाल्यावर, घरात दुसरं कोणी नसताना, त्यांना ती रात्र सांगायला सांग. तू फक्त ‘मग?’ एवढंच म्हण. चकवा म्हणू नकोस, तबकडी म्हणू नकोस, माझ्या या पत्रातलं काहीही आधी सांगू नकोस, नाहीतर ते त्यांच्या बोलण्यात मिसळेल. ते मध्येच हिंदीत बोलले तर हिंदीतच लिही. उजेड, रातकिडे, पायथ्याशी उभं राहणारं, तार, सगळं ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने, एकाच वहीत. काही गाळू नकोस. उजेडाच्या आधीही, लहानपणी, त्यांना असं काही व्हायचं का, हे शेवटी विचार. सांगायचं नसेल तर राहू दे, फक्त मनूने माफी मागितली आहे म्हणून सांग.

अजून रात्री दडपण येत असेल तर कुशीवर झोपायला सांग आणि डॉक्टरांच्या कानावर घाल. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आणि ते किल्लीचं घड्याळ तुझ्या कपाटात लाल डबीत असायचं. असेल तर मागचं झाकण न उघडता त्याचा फोटो पाठव. काटे कुठे थांबलेत ते बघायचं आहे.

तुझी,
मनू