पाणी ऐकू येतं म्हणणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "हो जी, हो जी" म्हणता आणि टाकं अजून झिरपतं का ते विचारता. नाही झिरपत. टाक्याचं काम चोख झालं, त्याचे पैसे तुम्ही मोजून घेतले, तो व्यवहार संपला. मला बोलायचं आहे मडक्याबद्दल, आणि ते तुम्ही बोलू देत नाही. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचा मुलगा वाचून दाखवील.

वाचणाऱ्या इतरांना आगापिछा कळावा म्हणून आधीचं थोडं सांगते. आमच्या वर्ध्याच्या घरामागे ऐसपैस सांदवाडी आहे, पुण्यामुंबईकडे ज्याला परस म्हणतात ती. सासूबाईंच्या काळात तिथे कडुनिंब, शेवगा, मोरीच्या पाण्यावर माजलेली कर्दळ आणि अळू, कुंपणाला मेंदी, असं सगळं आपापलं वाढलेलं होतं. मे महिन्यात घर भरून जायचं. नणंदा, त्यांची पोरं, नागपूरचे मावसदीर. रात्री कडुनिंबाखाली बाजा पडायच्या. पुढे घर पाडून स्लॅबचं केलं. कवेलू गेले, त्याबरोबर कवेलूंखालच्या चिमण्याही गेल्या, आणि सांदवाडीत मलबा पडून राहिला. मुलं म्हणाली, आई, तिथे नीट बाग करून घे, सुट्टीत आम्हालाही यावंसं वाटेल.

बाग करणारे गृहस्थ आले ते लॅपटॉप घेऊन. पडद्यावर आमची सांदवाडी गोल फिरवून दाखवली, तिच्यात एक निळा पोपट उडत होता. मग शेवगा तोडला, कारण कचरा होतो. कर्दळ उपटली, कारण गावठी दिसते. कडुनिंबापुढे आमचे हे आडवे उभे राहिले म्हणून तो वाचला. बाकी जागेत लॉन, ऑस्ट्रेलियातले फॉक्सटेल पाम, पेव्हर ब्लॉक, मधोमध निळ्या टाइल्सचं विजेवर चालणारं कारंजं आणि पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याची रंगीत पक्षीघरं.

आमच्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याला दुपारी तीन वाजता हात लावून पाहा, असं मी त्यांना सुचवलं होतं. घराचं भोक एवढं मोठं की कावळ्याची मान सहज आत जावी. चिमणीला सव्वा इंच पुरतं. भोकाखाली दांडी लावलेली. चिमणीला तिची गरज नसते, पण अंडी-पिल्लं पळवणाऱ्यांना ती टेकायला बरी पडते. कारंज्याची कड गुळगुळीत आणि पाणी हातभर खोल, त्यात पाखरू उतरणार कसं? शिवाय दर महिन्याला त्यांचा माणूस येऊन औषध फवारून जायचा. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. बागेत अळीच ठेवली नाही तर ती तिथे संसार कशाला मांडेल? हेही मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, एक फीडर एक्स्ट्रा देतो ना!"

पेव्हर ब्लॉक असे तापायचे की नातवंडं मागच्या दारातून एक पाऊल बाहेर टाकून आत पळायची, ती थेट कूलरसमोर मोबाईल घेऊन. पुण्याच्या धाकट्या बहिणीने तर सांगूनच टाकलं, "ताई, तुमच्याकडे मे महिन्यात माणसांनी यावं का गं?" एकूण पाखरंही नाहीत आणि पाहुणेही नाहीत. बिल तेवढं वेळेवर आलं.

जाता जाता आणखी एका मंडळींचंही सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. 20 मार्चला चिमणी दिन असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून तो जगभर पाळला जातो, काम मोलाचं आहे. पण आमच्या चौकात त्या दिवशी मातीची परळं टांगणारे जे येतात, ते परळात पाणी ओततात, फोटो काढतात आणि थेट नोव्हेंबरात पक्षी सप्ताहाच्या बॅनरवर दिसतात. मधल्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पाखरं चोच उघडी टाकून धापा टाकत असतात, तेव्हा त्या परळांत वाळलेला पाला असतो. पाखरांना घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर काढतात आणि त्यात त्यांच्या शरीरातलं पाणी जातं. तेव्हा पाणी हवं. मार्चातल्या फोटोतलं नव्हे.

तर अशा सगळ्यांनंतर तुम्ही आलात, तेही टाकं झिरपतं म्हणून. चहाची कपबशी हातात घेऊन तुम्ही मागच्या पायरीवर बसलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. मला वाटलं मजुरीचा हिशेब चालला आहे. मग म्हणालात, "काकू, पाखरं कोन्या बाजूनं येतेत जी?"

मिस्त्रीभाऊ, हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारलेला नव्हता.

पुढचं काम तुम्ही कसं केलंत ते इथे लिहीत बसत नाही. सावलीतले पेव्हर उचकटलेत, उरलेल्या सिमेंटमध्ये उथळ कुंड केलंत, कडेला अगदी निमुळतं आणि मध्ये जेमतेम दोन इंच. मी म्हटलं, छान घोटून गुळगुळीत करा. तर म्हणालात, "गुळगुळीत नाही कराचं, पाय सटकते त्याइचा," आणि ओल्या सिमेंटवरून खराटा फिरवलात. मेंदीला लागून नको म्हणालात, कारण मांजर दबून बसते. टाक्यामागच्या भिंतीला बांधकामाच्या वेळच्या परांचीच्या बांबूंची भोकं राहिली होती, ती बुजवण्याआधी तुम्ही थांबून मला विचारलंत. किती गवंडी असं विचारतात? जुन्या घरांच्या भिंतींमधली हीच भोकं चिमण्यांची, दयाळांची हक्काची घरं होती. गिलावा करणाऱ्यांनी ती लिंपून टाकली आणि मग लोक पत्र्याची घरं विकत आणू लागले.

कुंड झालं. मी रोज पाणी बदलत होते. डास होतील म्हणून शेजारच्या वहिनी कुरकुरल्या, त्यांना सांगितलं की डासाची अळी होऊन तो उडायला आठवडा लागतो, इथे पाणी दुसरा दिवस पाहत नाही. पण आला तो एकटा कावळा. कुठून तरी आणलेली वाळकी पोळी बुडवायचा आणि जायचा. तुमचं काम तेव्हा संपलेलं होतं, पैसे चुकते झाले होते. फोनवर टाक्याबद्दल बोलता बोलता मी सहज म्हटलं असेन की अजून कुणी फिरकलं नाही, आणि पोरं तर आठवड्यावर आली.

मग त्या सकाळी फाटकाशी तुमची गाडी थांबली. दुसऱ्या साइटवर निघाला होतात, मुकादमाचा फोन खिशात वाजत होता. दुपट्ट्यात गुंडाळून एक मडकं आणलं होतंत. घरचंच, वापरातलं. त्याला बुडाशी बारीकसं भोक पाडून कापसाची वात ओवलेली. निंबाच्या फांदीला सुतळीने ते टांगत म्हणालात, "वैशाखात महादेवावर गळती लावतेत ना, तसंच." आणि मी काही विचारायच्या आत, "पाखराइले पानी दिसाच्या आंधी आयकू येते, काकू."

पहिल्यांदा थेंब फार भराभर पडत होते. तुम्ही वात थोडी आत सारलीत. मग फारच सावकाश झाले, पुन्हा ओढलीत. खाली तळहात धरून एक थेंब पडेपर्यंत वाट पाहिलीत, मग दुसरा. मग मान हलवून मडकं चांगलं हातभर वर बांधलंत, कारण उंचावरून पडलं तर आवाज येतो. फोन वाजतच होता. मी म्हटलं, जाऊ द्या, तुम्हाला उशीर होतोय. त्यावर तुम्ही वर बघतच म्हणालात,

"पोट्टे याच्या आंधी पाखरं याले पायजे ना जी."

एवढंच म्हणालात आणि गेलात. चहासुद्धा घेतला नाहीत. माझी नातवंडं कधी येणार हे तुमच्या लक्षात होतं! पोटच्या पोरांना मी गाडीची वेळ तीनतीनदा सांगते. तुम्ही गेल्यावर मी त्या पायरीवर बसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दुपारच्या आत बुलबुलांची जोडी आली. आधी मेंदीवर बसून मान तिरकी करून ऐकलं त्यांनी, मग उतरली. दुसऱ्या दिवशी दयाळ. शिंजीर कुंडात उतरला नाही, पण उडालेल्या थेंबांनी भिजलेल्या पानांवर अंग घासून न्हाला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. नाचरा तर मडक्याच्या गळ्यावर बसून पंखा उघडतो नि मिटतो. पोरं आली तेव्हा कुंडाभोवती जत्रा होती. एका दुपारी सगळ्या चिमण्या एकदम गप्प होऊन मेंदीत घुसल्या. पाहतो तर शिक्रा, शिकारी पक्षी! कुंडाच्या मध्यावर पोटापर्यंत पाण्यात बसून राहिला, डोळे लालभडक. धाकटा नातू माझ्या पदरामागे लपला, पण आत पळाला नाही. आता त्यांची वही झाली आहे, कोण किती वाजता आलं त्याची. मडकं भरण्यावरून सकाळी भांडणं होतात, शेवटी ते काम यांनी आजोबा म्हणून स्वतःकडे घेतलं. लॉन सुकू दिलं, त्या जागी पुन्हा कर्दळ लावली आणि मोरीचं पाणी तिकडे वळवलं. बाजा परत निंबाखाली आल्या. पुण्याच्या बहिणीचं परतीचं तिकीट रविवारचं होतं, ते तिने पुढे ढकललं.

आमच्या विदर्भात उन्हाळ्यात रस्त्याकडेला रांजण ठेवायची जुनी रीत आहे. त्याला लाल फडकं गुंडाळायचं, वर लाकडी झाकण, एक पेला. पूर्वी कुणी ठेवला हे कळायचंही नाही. आता रांजणापेक्षा त्यावरचा फलक मोठा असतो, आणि रांजण कित्येकदा रिकामा. तरी रात्री गुपचूप भरून जाणारा माणूस अजून कुठे ना कुठे असतोच. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, पुढचा तहानलेला कोण हेही त्याला ठाऊक नसतं. तो तुमच्या जातकुळीचा. कामाला हात घालण्याआधी बसून बघणारी, येणाऱ्याचा विचार करणारी माणसं भेटली की मला आमच्या गावाच्या उन्हाचीसुद्धा तक्रार राहत नाही.

मडक्याचे पैसे घेणार नाही म्हणालात. ठीक आहे. मग रविवारी वहिनींना आणि मुलाला घेऊन जेवायला या. गावरान आंब्याचा रस आहे आणि सरगुंडे केले आहेत. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला आहे, दुपारचे निघू नका, सकाळीच या.

आणि हो, टाक्यामागच्या भिंतीचा गिलावा पावसाआधी उरकतो म्हणाला होतात. आता थांबा. डावीकडच्या परांचीच्या भोकात दयाळाने घर केलं आहे. पिल्लं उडाली की मी फोन करते.

तुमच्या,
निंबाच्या घरातल्या काकू