नार्नियाच्या सुझनला फॅन्सनी वाऱ्यावर सोडलं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या जुन्या गाजलेल्या पुस्तकांवर लेख होता, त्यात शेवटी असा सूर होता की हल्लीचे फॅन्स या पुस्तकांमधली पात्रं ओढूनताणून आपल्या मनासारखी करून घेतात आणि मूळ लेखकाचा अपमान करतात. मला हे अजिबात पटलेलं नाही. का ते एकाच पात्रावरून सांगते, नार्नियाची सुझन.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, सी. एस. लुईसची ही सात पुस्तकं, १९५० ते १९५६ मधे आलेली. युद्धात लंडनवर बॉम्ब पडतायत म्हणून पीटर, सुझन, एडमंड आणि ल्युसी या चार भावंडांना गावाकडे एका प्रोफेसरांच्या घरी पाठवतात, तिथल्या कपाटातून ती नार्नियात जातात, चेटकिणीला हरवून तिथले राजे आणि राण्या होतात. सुझनला धनुष्यबाण मिळतात आणि एक शिंग, जे फुंकलं की कुठूनतरी मदत येते. आणि मग शेवटच्या पुस्तकात, 'द लास्ट बॅटल'मधे, नार्नियाचे सगळे जुने मित्र एकत्र येतात तेव्हा सुझन तिथे नसते. पीटर तुटकपणे सांगतो की ती आता नार्नियाची राहिली नाही. त्या मित्रांमधलीच जिल नावाची मुलगी म्हणते तिला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं सोडून कशात इंटरेस्ट नाही. विषय संपला! पुढे कळतं की रेल्वे अपघातात ही सगळी मेलेली आहेत, सुझनचे आईवडीलसुद्धा, आणि म्हणून ही सगळी आता असलानच्या, म्हणजे नार्नियाच्या देवासारख्या सिंहाच्या, देशात कायमची राहणार, सगळे आनंदात. इकडे इंग्लंडमधे जिवंत राहिलेल्या सुझनबद्दल त्यानंतर एक ओळ नाही. लुईसने करून ठेवलेल्या कालक्रमात तिचा जन्म १९२८ चा आणि अपघात १९४९ चा, म्हणजे एकवीस वर्षांची मुलगी, दोन भाऊ, बहीण, आई, वडील सगळे एका दिवसात गेले.

आता सांगा, ज्या वाचकाने सुझनवर मनापासून प्रेम केलंय तो इथे पुस्तक मिटून गप्प बसेल का?

फॅन्स बसले नाहीत. तिच्या पुढच्या आयुष्यावर लोकांनी किती लिहिलंय, कोणी तिला पत्रकार केलं, कोणी अमेरिकेत पाठवलं, कोणी तिला नुसती त्या रिकाम्या घरात सामान आवरताना दाखवलं. नील गेमनने २००४ मधे तिच्यावरून एक कथा लिहिली, ती मोठ्यांसाठीच आहे, मुलांच्या हातात देऊ नका. पण मला जास्त महत्त्वाचं हे वाटतं की या लोकांनी मूळ पुस्तकं किती बारकाईने वाचलीयत. उदाहरणार्थ सुझन दोनदा मोठी झालेली आहे हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं होतं? पहिल्या पुस्तकात ती नार्नियात राणी म्हणून राज्य करते, मोठी बाई होते, 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधे तर तिला परदेशी राजपुत्राची मागणी आलेली आहे, आणि मग कपाटातून परत आली की पुन्हा शाळकरी मुलगी, कोणाला सांगायची सोय नाही. त्यात 'प्रिन्स कॅस्पियन'च्या शेवटी तिला आणि पीटरला सांगतात की तुम्ही आता मोठे झालात, परत यायचं नाही. ज्या मुलीला मोठी झालीस म्हणून दार बंद केलं तिने मोठं व्हायचं मनावर घेतलं तर तो तिचा दोष कसा? आणि तो काळ बघा, ब्रिटनमधे कपड्यांचं रेशनिंग १९४१ पासून १९४९ च्या मार्चपर्यंत होतं, म्हणजे तिचं सगळं तरुणपण कुपनांवर गेलंय. नायलॉनचे मोजे ही त्या मुलींसाठी केवढी मोठी गोष्ट असेल! एडमंडने टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईसाठी भावंडांना चेटकिणीच्या हवाली करायची तयारी केली होती, त्याला माफी मिळाली, त्याच्यासाठी असलानने प्राण दिले, मग सुझनच्या लिपस्टिकवर गोष्ट का थांबावी हा फॅन्सचा प्रश्न मला शंभर टक्के रास्त वाटतो.

आणि लेखकाच्या अपमानाचं म्हणाल तर लुईसला हे विचारणाऱ्यांमधे मुलंही होती. १९५७ मधे त्याने एका मुलाला लिहिलं की सुझन जिवंत आहे, सुधारायला तिच्याकडे भरपूर वेळ आहे, ती कदाचित तिच्या वाटेने असलानच्या देशात पोचेलही. १९६० च्या एका पत्रात तर त्याने लिहिलं की सुझनचा तो प्रवास मोठ्यांच्या कादंबरीसारखा होईल, तो आपल्याला लिहायचा नाही, तूच का लिहून बघत नाहीस! खुद्द लेखकाने वाचकाच्या हातात पेन दिलंय, मग आपण मधे पडून अपमान अपमान कशाला करायचं?

फॅन्सचं सगळंच मला पटतं असं नाही. सुझनला लुईसने नरकात पाठवलं असं बरेचजण ठोकून देतात, ते साफ चूक आहे, ती मेलेलीच नाही. तिचं खरं दुखणं लिपस्टिक नाहीच, नार्निया म्हणजे आपण लहानपणी खेळायचो तो खेळ असं ती म्हणायला लागते हे आहे, आणि याची चाहूल आधीच आहे, 'प्रिन्स कॅस्पियन'मधे ती ल्युसीजवळ कबूल करते की आतून मला खरं वाटत होतं पण मी वाटू दिलं नाही. जे फॅन हे धरून लिहितात त्यांची सुझन मला खरी वाटते. 'प्रिन्स कॅस्पियन'वरच्या २००८ च्या सिनेमात तिला लढाईच्या मधोमध बाण मारताना दाखवलंय, पुस्तकात तिला धनुष्य देतानाच लढाईत उतरायचं नाही असं बजावलेलं असतं, तर तो बदल मला आवडला, पण राजपुत्र कॅस्पियनबरोबरचं प्रेमप्रकरण कशाला घुसवलं? त्याने तिच्याबद्दल नवीन काहीच कळत नाही.

आपल्याकडे १९६७ मधे शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मधे कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं, इरावतीबाईंनी 'युगान्त'मधे द्रौपदी, गांधारी, कुंती सगळ्यांना नव्याने तपासलं, आणि ती पुस्तकं आपण घराघरात ठेवली. मग मुलांच्या पुस्तकातल्या पात्राला हा हक्क का नको?

माझी पुतणी सहावीत आहे, तिने सुझनला रेल्वेतच नोकरी लावली आहे, सिग्नल केबिनमधे, पुन्हा तसा अपघात होऊ नये म्हणून. तिला कोणी असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. म्हणून माझी विनंती आहे की तुमच्या बालपुरवणीत दर महिन्याला असं एखादं पात्र घ्या आणि मुलांना त्याची पुढची गोष्ट लिहून पाठवायला सांगा, शब्दमर्यादा हवी तर ठेवा, पण बक्षीस आणि नंबर नकोत, आणि मोठ्या माणसांनी लिहिलेली नमुन्याची गोष्ट तर आधी अजिबात छापू नका.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली