बॉस्टन की बंगळुरू

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या काही वर्षांच्या संशोधनाच्या नोकरीची, बॉस्टन आणि बंगळुरूची दोन्ही ऑफर लेटरं वाचली. काम दोन्हीकडे मेंदूच्या आजारांचा डेटा संगणकावर तपासायचं. बाबांनी आधी डॉलरचे रुपये करून पाहिले आणि मग दिवसभर बॉस्टनचं गुणगान चाललं. संध्याकाळी मी त्यांना तिथली घरभाडी दाखवली, तेव्हा शांत झाले. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या कोष्टकात नुकत्याच पीएचडी झालेल्या पोस्टडॉकला २०२४ साली वर्षाला ६१,००८ डॉलर होते. कर आणि भाडं वजा जाता त्यात पोट भरतं, श्रीमंती येत नाही. इकडे पीएचडी झालेल्या रिसर्च असोसिएटला जानेवारी २०२३ पासून महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पीएचडीत फेलोशिप रखडली की काय हाल होतात ते तू पाहिलंयस, तेव्हा कुठेही गेलीस तरी गाठीला थोडे पैसे ठेवून जा. पैशाचं एवढंच.

तुझा प्रश्न वेगळा होता. शिकायला कुठे जास्त मिळेल?

मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. मेंदूतलं मला कळत नाही, त्यामुळे तू पाठवलेले पेपर मी एकाच जागी बोट ठेवून वाचते, नमुना किती आणि कशाचा. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेला अल्झायमरचा तो पेपर आठवतो? गोठवून ठेवलेल्या मेंदूतून पेशी अख्खी सुटी होत नाही म्हणून नुसती केंद्रकं काढायची आणि एकेका केंद्रकातला आरएनए वाचायचा, म्हणजे कोणती जनुकं किती चालू आहेत ते कळतं. केंद्रकं ८०,६६०! माझ्या वर्गात सांगितलं असतं तर मागच्या बाकावरून शिट्टी आली असती. पण माणसं ४८. चोवीस जणांच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर, चोवीस जणांच्या नगण्य. एका मेंदूतली हजारभर केंद्रकं म्हणजे एकाच घरातली भावंडं, त्यांना हजार परकी माणसं समजून मोजलं की पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना असा आकडा योगायोगाने दिसण्याची शक्यता, हवी तितकी खाली उतरते. २०२३ साली ‘ईलाइफ’मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच डेटा पुन्हा गाळून घेतला, प्रत्येक माणसाची केंद्रकं एकत्र बेरीज करून तपासली, आणि बदललेल्या जनुकांची यादी शेकडो पटींनी आटली. पद्धतीवर वाद घालता येईल, घालावाच. पण ज्या लॅबमध्ये हा वाद जेवताना रोज होतो तिथे जा, आणि जिथे तयार प्रोग्रामांची पाइपलाइन चालवून बदललेल्या जनुकांचा ज्वालामुखीच्या आकाराचा प्लॉट काढला की काम झालं असं मानतात तिथे जाऊ नकोस, मग तिचं नाव काहीही असो.

मी बॉस्टनच्या विरोधात आहे असं समजू नकोस. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारावरचं ते काम तिथलंच, जानेवारी २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये आलेलं, आणि ते मी दोनदा वाचलं. सीएजी ही अक्षरं जनुकात चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा लागोपाठ आली की हा आजार होतो, हे १९९३ पासून माहीत आहे. मग जन्मापासून दोष अंगात असून माणूस तिशी-चाळिशीपर्यंत धडधाकट कसा राहतो? त्यांनी एकाच पेशीत दोन्ही मोजलं: पुनरावृत्ती किती लांब झाली आणि जनुकं कशी वागताहेत. तेव्हा दिसलं की मेंदूतल्या विशिष्ट पेशींमध्ये ही साखळी दशकानुदशकं सावकाश वाढत ऐंशीच्या आसपास जाते, मग झपाट्याने वाढते, आणि दीडशे ओलांडल्यावरच पेशीचा कारभार बिघडतो. इथे पेशी मोजणंच बरोबर होतं, कारण प्रश्नच पेशीचा होता. आधी प्रश्न, मग मोजणी. असं शिकवणारा माणूस मिळत असेल तर बॉस्टनला जरूर जा.

पण बॉस्टनच्या ऑफरबद्दल तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही. लोकांनी आधीच जमवलेला डेटा उतरवून घ्यायचा, तुझ्याआधीच्या पोस्टडॉकचं मॉडेल पुढे न्यायचं, एवढंच लिहिलंय. त्या मोठ्या संचांमध्ये माणसं कोणती? यूके बायोबँक या ब्रिटनच्या आरोग्य-माहितीच्या संचात पाच लाख आहेत, त्यांत गोरेच बहुसंख्य. एपीओई या जनुकाच्या एपीओई-४ या प्रकाराचा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्ये सापडला, आणि पुढे कळलं की त्याचा धोका सगळ्या वंशांत सारखा नाही. पूर्व आशियाई लोकांत जास्त, आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी. जातीत लग्नं करणाऱ्या आपल्या देशात तर गावागणिक गणित बदलेल. जीनोमइंडिया या प्रकल्पाचा दहा हजार भारतीयांच्या जनुकांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुला झाला. दहा हजार म्हणजे आपल्या लोकसंख्येपुढे चिमूटभर, पण सुरुवात आहे.

म्हणून माझं मत बंगळुरूला. त्यात आईची माया नाही असं म्हणणार नाही, पण कारण ती नाही. कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपुऱ्याच्या गावांमध्ये पंचेचाळिशीपुढच्या माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, आणि त्यातल्या जनुकांच्या डेटावर तू काम करायचं, असं बंगळुरूवाले म्हणतात. तुम्हा संगणकवाल्यांना जीनोम अवघड वाटतो. मला वाटतं अवघड आहे तो शेजारचा रकाना, स्मृतिभ्रंश आहे की नाही. तो कोण भरतं? स्मृतीच्या नेहमीच्या चाचणीत एक वाक्य लिहायला सांगतात. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारी ते कुठून लिहिणार? तिचे गुण गेले आणि झाली ती रुग्ण. यासाठीच नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढला निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी चाचणी मुद्दाम घडवावी लागली. तो रकाना कसा भरला जातो हे तू गावात जाऊन, डॉक्टरांच्या शेजारी बसून बघशील. बॉस्टनला तो फाइलमध्ये शून्य किंवा एक होऊन येईल. शिवाय निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेची मेंदूपेढी, जिथे संशोधनासाठी मेंदू जतन करतात, १९९५ पासून आहे, तीही त्याच शहरात.

आता याची दुसरी बाजू. आपल्याकडच्या निवड समित्या अजूनही परदेशी पोस्टडॉक शोधतात. बोलून दाखवत नाहीत, पण बायोडेटा चाळताना हात तिथेच थांबतो. हे मला आवडत नाही, पण त्यामुळे खोटं ठरत नाही. तेव्हा बंगळुरूला दोन-अडीच वर्षं, मग बाहेर, असं ठरवलंस तर वर्षांचा हिशेब आधी मांड. एनआयएचची के-९९ ही पोस्टडॉकना स्वतःच्या लॅबकडे नेणारी अनुदान योजना परदेशी नागरिकांनाही मिळते, पण पोस्टडॉकची चार वर्षं उलटल्यावर अर्ज करता येत नाही, आणि बंगळुरूची वर्षं त्यात धरली जातील असंच समजून चाल. युरोपची मारी क्यूरी फेलोशिप पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंत मिळते, तिथे जरा ऐसपैस. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांना सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्यामुळे तिकडे कोणता व्हिसा देणार हे लेखी विचार. जे-१ हा पाहुण्या संशोधकांचा व्हिसा असेल तर पाच वर्षांची हद्द लक्षात ठेव.

आणि दोघांनाही एक गोष्ट विचार, संकोच न करता: इथून निघताना यातला कोणता प्रश्न मी माझा म्हणून घेऊन जाऊ शकेन? स्वतःची लॅब काढशील तेव्हा तोच प्रश्न जुन्या गाइडच्या लॅबमध्येही चालू असेल, तर त्या लॅबच्या अनुभवी पोस्टडॉकपुढे तुझा निभाव लागणार नाही, नुसती स्पर्धा होईल. जमल्यास त्यांच्याकडून गेलेल्या पोस्टडॉकपैकी कुणाशी तरी फोनवर बोल. ई-मेलमध्ये लोक खरं लिहीत नाहीत.

उत्तराची मुदत महिनाअखेर आहे. थिसिस जमा होईपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही असं बाबांनी कबूल केलंय. मावशीची हमी मी घेत नाही.

तुझी,
आई