शिंदे साहेब, तुमच्याकडं आमदार वाढले, आमचा दारव्हा मतदारसंघ गेला

मा. एकनाथराव शिंदे साहेब,
उपमुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम जय महाराष्ट्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कास्तकार. सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, तूर अन् सोयाबीन. तुम्ही आमचे आमदार नाही, तरी हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. ज्या निवडणुकीत तुमचा मतदारसंघ जन्माला आला, त्याच निवडणुकीत आमचा गेला.

तुमची वाटचाल आमच्या गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. साताऱ्यातलं दरे गाव, तिथून ठाणे, पोटासाठी रिक्षा, आनंद दिघे साहेबांच्या हाताखालची शाखा. १९९७ ला नगरसेवक, २००४ ला ठाण्याचे आमदार, २००९ पासून कोपरी-पाचपाखाडीचे. जून २०२२ अखेर मुख्यमंत्री. खेड्यातून निघालेला माणूस इथवर गेला याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आमच्या पोरांना मी तुमचं उदाहरण देतो.

पण २००९ साल मला विसरता येत नाही. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना झाली होती. ठाणे जिल्ह्यात (तेव्हा पालघर त्यातच होतं) १३ जागांच्या २४ झाल्या. विधानसभेचे आमदार २८८ च राहणार, म्हणजे एकाच्या ताटात वाढायचं तर दुसऱ्याच्या ताटातून काढावं लागतं. विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या. अमरावतीकडचा वलगाव गेला, आमचा दारव्हा गेला. दारव्हा, नेर आणि दिग्रस तालुक्यांतली गावं आता एकाच आमदाराकडं आहेत. मी कोणाला दोष देत नाही. माणूस एक, दिवस तेवढेच, गावं मात्र केवढी वाढली!

याचा अर्थ काय होतो ते आमच्या पांदणीत कळतं. गावापासून माझ्या वावरापर्यंत पाऊण कोसाची पांदण आहे, दोन्ही धुऱ्यांच्या मधली, नुसत्या काळ्या मातीची. जुलैत एकदा पाऊस लागला की बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. बैल गुडघे टेकतात. ट्रॅक्टरवाला सरळ नाही म्हणतो. गेल्या साली सोयाबीनची गंजी लावली, मळणी यंत्र येईना, वरून परतीचा पाऊस. ताडपत्री उचलून पाहिली तर खालच्या शेंगांना कोंब फुटलेले. हातात घेतलं तर ओल्या पिठासारखा वास. शेवटी थोडं थोडं डोक्यावर वाहून गावात आणलं. मी, बायको अन् म्हातारा सालदार, तिघांनी चार दिवस. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे तळहातावर चोळले अन् भाव न बोलताच पोत्याचं तोंड बांधलं.

पांदणीचा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासकट तीन वर्षांपासून एका कार्यालयात आहे. दरवेळी एकच ऐकतो, यादीत नाव आहे, नंबर लागू द्या. शहरात रस्ता फुटला तर नगरसेवक गल्लीतच सापडतो. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तुम्ही तेच काम करून मोठे झालात. आमच्याकडं रस्ता फुटला तर ऐकणारा माणूस गाठायलाच एक मजुरी बुडते.

माझा पुतण्या बारावी झाला अन् भिवंडीच्या गोदामात लागला. सातशे किलोमीटरचा समृद्धी महामार्ग तुमच्या खात्यानं बांधला, तो नागपूरहून निघून भिवंडीजवळ आमणे इथं संपतो. पोरंही त्याच दिशेनं गेली. पुतण्यानं मतदार यादीत नाव तिकडंच घातलं आहे, उद्याच्या जनगणनेत तो ठाणे जिल्ह्यातच मोजला जाईल. पुढची फेररचना त्याच आकड्यांवर होणार. म्हणजे आधी पोरगा गेला, आता त्याच्या मागं आमदारही जाणार. गावात उरतो आम्ही म्हातारे, अन् आमच्यासाठी बोलणारा एक आणखी कमी.

तुम्ही गडचिरोलीचे पालकमंत्री होता. तिथलं अंतर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर जिल्हा अन् आमदार ३. आजच्या ठाणे जिल्ह्यात साधारण ४,२०० चौरस किलोमीटर अन् आमदार १८. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या माणसानं अहेरीच्या आमदाराला गाठायचं कसं? डोकी मोजली तर हिशोब बरोबर येतो, हे मलाही कळतं. संविधानात लोकसंख्याच धरली आहे. पण फेररचनेच्या कायद्यात भूभागाची ठेवण, दळणवळण अन् लोकांची सोय बघा, असंही लिहिलं आहे. ते शब्द फेररचना करणाऱ्या आयोगापुढं कोणीतरी जोर लावून वाचून दाखवायला पाहिजेत.

एका आमदाराचं मोल काय असतं ते तुम्ही जून २०२२ मध्ये अनुभवलं आहे. तुमच्यासोबत आलेल्यांत आमच्या यवतमाळ-बुलढाण्याचेही होते. त्यांच्या बळावर तुम्ही मुख्यमंत्री झालात. म्हणून हक्कानं दोन गोष्टी मागतो.

विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्याच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्याच मंत्रिमंडळानं घेतला. तो दिल्लीतून तडीस न्या. आमदार कमी झाले तरी विकासाचा अनुशेष, म्हणजे आमचं किती मागं राहिलं ते, मोजणारं कोणीतरी इथं असू द्या. आणि फेररचनेचं काम निघेल तेव्हा राज्याच्या वतीनं सांगा की विरळ वस्तीच्या अन् लांब अंतराच्या भागात मतदारसंघ आणखी ताणू नका. हे ठाण्याच्या आमदारानं सांगितलं तर त्याला वजन येईल. विदर्भातला माणूस बोलला की रडगाणं म्हणतात.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येताच. तिथून दारव्हा तीन-चार तासांवर आहे. डिसेंबरात पांदण वाळलेली असते, खाचा मात्र तशाच राहतात, त्यावरून चाक कुठवर रुतलं होतं ते दिसतं. तुम्ही निरोप दिलात तर मी बंडी जुंपून गावाच्या फाट्यावर उभा राहीन.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक कास्तकार