जेनोआत राहायला गेलेल्या लेकीस

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

इटलीतल्या या जेनोआत आधी काय बघू, असं तू विचारलंस. यादी करायला बसले तर पानं पुरायची नाहीत, पण एक गोष्ट मनाशी पक्की धर. त्या गावातली इमारत छेदात, म्हणजे उभी कापल्यावर दिसेल तशी बघायची. पुढ्यात समुद्र आणि पाठीला डोंगर, मधे जागा अशी नाहीच. त्यामुळे घरं आडवी पसरली नाहीत, उतारावर चढत गेली. नुसता प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा नकाशा, काढलास तर हाती अर्धंच लागेल.

सुरुवात वीआ गारिबाल्दीपासून कर. १५५० च्या दशकात श्रीमंत घराण्यांसाठी हा रस्ता आखला. लांबी सुमारे २५० मीटर आणि रुंदी जेमतेम साडेसात. दर्शनी भाग पुरता बघावा म्हणून मागे सरकशील तर पाठ समोरच्या भिंतीला टेकेल. म्हणूनच तिथल्या कॉर्निस (भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली पट्टी) आणि खिडक्यांवरचं कोरीव काम इतकं ठसठशीत, पुढे आलेलं आहे. ते तिरक्या नजरेसाठी केलंय. रस्त्याच्या एका टोकाला भिंतीलगत उभी राहून बघ, लगेच कळेल.

९ नंबरचा पालाझ्झो दोरिया तुर्सी, म्हणजे आजची नगरपालिका, डोंगराच्या बाजूला आहे. काम १५६५ मध्ये सुरू झालं. आपल्या वाड्यात देवडी, चौक, सोपा साधारण एका पातळीत येतात. इथे देवडीतून जिना चढल्यावर चौक लागतो, चौकाच्या टोकाला जिना दोन्हीकडे फुटतो आणि बाग त्याहूनही वर. दारातून आत बघितलं की एकावर एक सगळं दिसतं. पाहुण्याला दिपवायचं ते याच चढणीनं. आणि पाहुणे खरंच यायचे. १५७६ पासून सरकारकडे अशा घरांच्या याद्या असत, त्यांना 'रोल्ली' म्हणत. घरांची प्रतवारी होती आणि राज्याचा पाहुणा जितका मोठा तितकं वरच्या प्रतीचं घर चिठ्ठी टाकून ठरायचं. त्यांतले ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. चित्रकार रूबेन्सनं १६२२ मध्ये या घरांची आरेखनं छापली, तीसुद्धा प्लॅन आणि छेदांसकट. तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती शोध आणि जागेवर ताडून बघ. तुर्सीत प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं, ग्वार्नेरी या कारागिरानं घडवलेलं व्हायोलिन (१७४३) ठेवलंय, तेही चुकवू नकोस.

चढणीचा सगळ्यात उत्तम नमुना मात्र वीआ बाल्बीवर आहे. ५ नंबरला विद्यापीठाची इमारत, मुळात जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं कॉलेज, वास्तुकार बार्तोलोमेओ बिआन्को, काम १६३४ पासून. जिन्यावर दगडी सिंहांची जोडी आहे. तिथे पायऱ्यांची उंची आणि रुंदी टेपनं मोज, प्रत्येक टप्प्याची पातळी रस्त्यापासून किती वर ते लिही. पातळ्या अंदाजानं धरल्यास की छेद चुकतो आणि मागची बाग हवेत लटकते.

आता थिएटर. पिआझ्झा दे फेर्रारीवरचं तेआत्रो कार्लो फेलिचे १८२८ मध्ये उघडलं, आराखडा कार्लो बाराबिनोचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब आणि आगीनं आतलं सगळं गेलं. पुढची खांबांची ओसरी उरली. पुनर्बांधणी रखडत रखडत अखेर आल्दो रोस्सी, इग्नात्सिओ गार्देल्ला आणि फाबिओ राइनहार्ट यांनी केली, १९९१ मध्ये पडदा पुन्हा उघडला. मला ही पुनर्बांधणी फार मोलाची वाटते. जुनी ओसरी तशीच ठेवली, पण मागे जुन्याची नक्कल केली नाही.

मागचा चौकोनी मनोरा सुमारे ६३ मीटरचा. पुष्कळांना तो बोजड वाटतो, पण तो का हे समजून घे. नेपथ्याचे पडदे गुंडाळत नाहीत, सरळ वर खेचतात. रंगमंचाची चौकट १० मीटर उंच असेल तर पडदा त्याहून थोडा मोठा लागतो आणि तो पूर्ण नजरेआड जायला तेवढीच जागा पुन्हा वर लागते. म्हणून पडदे जिथून टांगतात त्या वरच्या जाळीपर्यंत चौकटीच्या अडीचपट उंची धरतात. त्यातही प्रेक्षागृह जमिनीवर नाहीच. तळाला वाटसरूंसाठी छताखालचा चौक आहे, प्रेक्षागृह त्याच्या वर. चौकात उभी राहून मान वर कर. छतापासून मजले भेदत आलेला काचेचा शंकू उजेड खाली आणतो.

आत जुन्या थिएटरांसारखे घोड्याच्या नालासारख्या वळणात मांडलेले बॉक्स (प्रेक्षकांचे छोटे कक्ष) नाहीत, खुर्च्यांचा एकच तिरपा उतार. बाजूच्या भिंतींवर खिडक्या, झडपा, बाल्कन्या. जणू गावातल्या चौकात बसलोय. हे शोभेपुरतं नाही. सपाट समांतर भिंतींमध्ये आवाज इकडून तिकडे आपटत राहतो. असे उंचवटे त्याला विखुरतात. फरक कळायला रेल्वेनं जेनोआच्याच साम्पिएरदारेना भागात जा. तिथलं तेआत्रो गुस्तावो मोदेना १८५७ चं, नालाकृती. रंगमंचाजवळच्या बाजूच्या बॉक्समधून नजरेच्या रेषा काढ: रंगमंचाचा एक कोपरा हरवतो, समोरचे प्रेक्षक मात्र पूर्ण दिसतात.

सान लोरेन्झो कॅथेड्रलला अर्धा तास पुरे. ९ फेब्रुवारी १९४१ च्या ब्रिटिश तोफमाऱ्यात आत घुसलेला गोळा तिथे फुटलाच नाही. त्याच जातीचा गोळा आत ठेवलाय.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, पत्ता. दुकानांना लाल आकडे, घरांना काळे, आणि दोन्ही मोजणी वेगळी. '१२ आर' म्हणजे लाल १२. काळ्या १२ पासून तो बराच लांब असू शकतो. दुसरं, खिडक्या. तिथे रंगवलेल्या खोट्या खिडक्या खूप आहेत. खिडकीच्या खालच्या कडेची सावली नीट बघ, ऊन फिरलं तरी ती हलली नाही तर ती रंगाची. दर्शनी भागाचं रेखाटन करण्याआधी सकाळी आणि दुपारी असे दोन फोटो काढ.

पाऊस पडला की स्लेट आणि संगमरवराच्या पायऱ्या निसरड्या होतात, रबरी तळव्याचे बूट घाल. आणि पहिला छेद बाल्बीचा पाठव, १:१०० मध्ये, पातळ्यांचे आकडे घालून.

तुझी,
आई