पंपावर इथेनॉलचा टक्का लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. पेट्रोलमध्ये मिसळतात त्या उसाच्या इथेनॉलमुळं गाड्या बिघडतात अशी ओरड करणारे लोक ऊसवाल्यांच्या मुळावर उठलेत, आणि ज्यांना जुन्या गाड्यांचा एवढा पुळका आहे त्यांनी त्या भंगारात घालाव्यात, असा त्याचा सूर. वाचता वाचता माझा चहा निवला. वाळवा तालुक्यात माझा दोन एकर ऊस आहे. सहकारी साखर कारखान्यात ३१ वर्षं फिटर होतो, त्यातली शेवटची ९ डिस्टिलरीत, म्हणजे जिथं हे इथेनॉल बनतं तिथं. आणि माझ्या दारात १९८८ सालची कॉन्टेसा उभी आहे. तेव्हा मी नक्की कुणाच्या मुळावर उठलोय, ते माझं मलाच ठरवता येईना.

ही गाडी मूळची आमच्या चेअरमनसाहेबांची. ती आणि मी एकाच वर्षी कारखान्यात लागलो. पांढरी कॉन्टेसा गेटातून आत आली की वजनकाट्यावरचे लोक बिडी विझवायचे. हिंदुस्थान मोटर्सनं बंगालमधल्या उत्तरपाड्यात ही गाडी १९८४ पासून काढली. बॉडी व्हॉक्सहॉल या विलायती कंपनीच्या जुन्या मॉडेलची, आणि इंजिन सुरुवातीला ॲम्बॅसडरचंच १५०० सीसीचं. एवढं लांबरुंद धूड ते इंजिन ओढणार कसं? चढ आला की धाप लागायची. पुढं इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठं तिच्यात जीव आला. माझी त्यातली आहे. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं आणि २००४ मध्ये कारखान्यानं जुन्या मोटारी, पंप आणि बॉयलरच्या नळ्यांबरोबर हीसुद्धा लिलावात काढली. मी २१ हजारांना घेतली. जिच्या खाली शिरून मी ऑइल बदलायचो, तिच्या स्टिअरिंगवर बसायला १६ वर्षं लागली.

पुण्याचा पुतण्या तिला 'इंडियन मसल कार' म्हणतो. मी त्याला हसतो. मसल कार म्हणजे अमेरिकेतली पॉन्टिॲक जीटीओ. मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि पोरांना परवडेल अशा दरात विकायची, ही तिची युक्ती. १९६४ च्या जीटीओचं इंजिन ६.४ लिटरचं होतं, म्हणजे माझ्या गाडीची साडेतीन इंजिनं एकत्र. पुढं तिकडं विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि तो जमाना संपला. आपल्या गाडीत तेवढी ताकद कुठली? पण लांब बॉनेट, मागच्या चाकांना ओढ आणि सायलेन्सरचा खालच्या पट्टीतला आवाज एवढं आहे. आपल्याकडं तेवढ्यावर पैलवान म्हणतात.

२०१९ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो आणि ऑगस्टमध्ये पूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आम्ही शामरावनगरात तळमजल्यावर. मिरजेला मेहुण्याकडं जाताना कपडे घेतले, कागदपत्रं घेतली, गाडी मात्र राहिली, कारण तिची बॅटरी चार्जिंगला दुसरीकडं दिली होती. फिटरच्या घरची ही कथा, हसा. आठवड्यानं परत आलो तेव्हा टपावर गाळाचा थर होता. बॉनेट उघडलं तर आत जलपर्णी. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. विम्याचं सांगायला नको. तीस वर्षांवरच्या गाडीला तिथं कोण विचारतं? भंगारवाला चौथ्या दिवशी दारात. "काका, पत्र्याचे तीस हजार देतो, गाळ मी काढतो."

पुरात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, हे एवढं तरी वाचकांनी लक्षात ठेवावं. पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मी आधी चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये डिझेल सोडलं, दोन दिवस भिजू दिलं आणि मग पुलीला पान्हा लावून हातानं फिरवलं. पाव फेरा, मग अर्धा. तिसऱ्या दिवशी अख्खा फेरा फिरला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटायच्या बेतात होतो. गिअरबॉक्समधून, डिफरन्शिअलमधून पाणीच निघालं. वायरिंग सगळं उपसून नवीन भरलं. इंजिन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअर करून आणलं. तिथल्या लेथवरच्या म्हाताऱ्यानं ब्लॉकवर बोट फिरवून 'इसुझू' एवढंच म्हटलं आणि पुढं दोन तास बोलला नाही. पिस्टन, रिंगा आणि दरवाजांचं रबर कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून मागवलं. पहिल्या खेपेला डाव्या दाराचीच दोन रबरं आली. खालचा पत्रा कुजला होता तो कापून नवा वेल्ड केला, पुट्टी कमीत कमी. बंपर निकेल केले. करोना मध्ये आला, त्यामुळं २०२२ उजाडलं. खर्च ४ लाख १० हजार. एवढ्यात नवी नाही तरी बऱ्यापैकी जुनी गाडी आली असती, हे मला कळतं. मिरजेच्या सतारमेकरांकडं जुनी सतार दुरुस्तीला आली तर कारागीर आधी तिला नमस्कार करतो. मी गाडी दुरुस्त केली तर लोक डोकं तपासायला सांगतात.

आता मूळ मुद्दा. २०२२ मध्ये गाडी रस्त्यावर आली आणि त्याच वर्षी देशातल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल झालं. २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं लक्ष्य अलीकडं ओढून २०२५ मध्येच गाठलं. गेल्या मे महिन्यात मी शेतावरून येत होतो. आष्ट्याच्या अलीकडं गाडी मिसिंग करायला लागली, मग पेट्रोलचा वास. बॉनेट उघडलं तर टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपापासून हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप भिजलेल्या चामड्यासारखा फुगून मऊ पडला होता आणि थेंब थेंब गळत होता. खाली इंजिनचा तापलेला मॅनिफोल्ड, धूर बाहेर नेणारा पाइप. आणखी दहा मिनिटं गेली असती तर हे पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. पाइप चार वर्षांचाच होता. कार्बोरेटर खोलला तर तळाशी रबराचा काळा चुरा, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, आणि पंपाच्या डायफ्रॅमला, म्हणजे आतल्या पडद्याला, सुरकुत्या.

यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं, आणि लाज त्याचीच वाटली. डिस्टिलरीत स्पिरिटमधलं शेवटचं चार-पाच टक्के पाणी काढल्याशिवाय ते पेट्रोलमध्ये घालायच्या लायकीचं होत नाही. त्या लाइनवर आम्ही गॅस्केट टेफ्लॉनची बसवायचो. साधं रबर तिथं टिकत नाही, हे नवीन लागलेल्या हेल्परलाही पहिल्या हंगामात कळायचं. इथेनॉल शेवटी दारूच्याच जातीचं. पाणी दिसलं की मिठी मारतं. रोज फिरणाऱ्या गाडीचं पेट्रोल आठवड्यात संपतं, तिला फारसं जाणवत नाही. हौसेची गाडी पावसाळाभर उभी असते, जुन्या टाकीला हवा लागते, ओल आत जाते. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट खाली बसतं आणि टाकी तळातून गंजते.

शिवाय पेट्रोलपेक्षा इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळं कार्बोरेटरमधल्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं. मी जेट एक नंबर मोठा केला, पाइप व्हायटॉनचे, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे टाकले, डायफ्रॅम बदलला, टाकी धुऊन आतून कोटिंग केलं. मायलेज लिटरला नऊवरून साडेआठ. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के घट धरली आहे, म्हणजे माझं गणित सरकारी गणिताशी जुळतं. एक गोष्ट मात्र कबूल करतो, चढाला गाडी आता पूर्वीसारखी नॉक करत नाही, म्हणजे इंजिन खडखडत नाही. इथेनॉलचं ऑक्टेन, म्हणजे ही खडखड रोखायची ताकद, चांगली आहे, आणि डिस्टिलरीचे पैसे लवकर येतात म्हणून ऊसबिलाला हातभार लागतो, तेही खरं. माझंही बिल त्यातूनच निघतं.

म्हणून माझी मागणी इथेनॉल बंद करा अशी नाही. पंपावर टक्का लिहा, एवढीच आहे. औषधाच्या बाटलीवर लिहितात, खताच्या पोत्यावर लिहितात, मग पेट्रोलच्या नोझलवर ठळक अक्षरात लिहायला काय हरकत आहे? सध्या मी पेट्रोलची माझ्यापुरती तपासणी करतो. डिस्टिलरीतल्या लॅबमधल्या दोस्तानं काचेचं मोजपात्र दिलंय. उघड्यावर, विडी-काडीपासून लांब, त्यात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालायचं, हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पाण्याबरोबर खाली येतं. खालचा थर १० चा जितका वाढला तितकं इथेनॉल. माझा २७-२८ वर थांबतो, म्हणजे ९० मध्ये १८ च्या आसपास, म्हणजे २० टक्के. पंपवाल्यानं फसवलं नाही हे त्यात दिसतं. पण हे गिऱ्हाइकानं घरी बाटल्या हलवून शोधावं का?

दुसरी मागणी, जिल्ह्यात दोन-तीन पंपांवर तरी कमी इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्यांसाठी ठेवावं, चार पैसे जास्त घ्या. हे अशक्य नाही. १९९५ मध्ये शिसंविरहित पेट्रोल आधी चार महानगरांत आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. मधली पाच वर्षं दोन्ही प्रकार चालले आणि लोकांना गाडी बघून भरता आलं. मोठ्या शहरांत शंभर ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं म्हणतात. त्याचा दर ऐकून मी फोन ठेवला.

आणि हा प्रश्न एका कॉन्टेसाचा नाही. माझ्यासारखे येडे जिल्ह्यात किती असतील? बोटावर मोजण्याइतके. पण शेतकऱ्याच्या घरातली पंधरा वर्षांपूर्वीची मोटारसायकल आणि पेट्रोलचा फवारणी पंप मोजा. तो पंप महिनोन् महिने गोठ्यात खिळ्याला टांगलेला असतो, टाकीत शिल्लक पेट्रोल तसंच. ऐन फवारणीला दोरी ओढून ओढून खांदा जातो आणि पंप चालू होत नाही. कार्बोरेटर खोलला की तेच, चिकट घाण आणि फुगलेलं रबर. हा शेतकरी ऊसवालाच आहे हो. पत्रलेखकांनी त्यालाही मुळावर उठलेला म्हणावं.

भंगारात घालायच्या सल्ल्याबद्दल थोडं. २०२१ च्या नियमानं विंटेज गाडी म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली. तिला वेगळी नोंदणी मिळते, पण रोजच्या वापराला चालवता येत नाही. माझी तिथं पोचणार २०३८ मध्ये, तेव्हा मी ७९ चा असेन. तोवर ती नुसती 'जुनी'. दर पाच वर्षांनी पासिंग, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नोंदणी नूतनीकरणाचे १० हजार. ते भरतो. तक्रार नाही.

एक आठवण मात्र करून द्यायची आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायची चाचणी २००१ मध्ये सरकारनं देशात ज्या तीन ठिकाणी घेतली, त्यात मनमाड आणि बरेलीबरोबर आपलं मिरज होतं. ऊस आपला, डिस्टिलरी आपल्या, चाचणीही आपल्याकडंच. मग टक्क्याची पाटी सर्वात आधी सांगली-मिरजेच्या पंपांवर का लागू नये? जिल्ह्यातल्या पंपचालकांनी ठरवलं तर रंगाचा एक डबा आणि एक दुपार पुरे. वरून आदेश यायची वाट बघायला नको.

पावसाळ्याआधी मी टाकी रिकामी करून ठेवली होती, ती अजून तशीच आहे. दसऱ्याच्या पूजेला गाडी गणपती मंदिरापर्यंत न्यायची आहे, त्यासाठी पाच लिटर भरीन. भरण्याआधी पंपावरच्या पोराला पुन्हा एकदा टक्का विचारणार आहे. मागच्या खेपेला विचारला तर म्हणाला, "काका, कशाचा टक्का? आपल्याकडं डिस्काउंट नाही."

आपला,
एक निवृत्त फिटर, शामरावनगर, सांगली

(नाव-पत्ता आपल्याकडं दिला आहे, कृपया छापू नये. खर्चाचा आकडा घरी अजून दीड लाखच माहीत आहे.)