विषय : रंग न धरणारा आणि हवा सोडणारा स्नॉर्कल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाने माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. हा सहावा फोन होता. सातवा करणार नाही.

पाण्यातून जाताना इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा मिळावी म्हणून मे महिन्यात माझ्या थारसाठी तुमचा स्नॉर्कल घेतला. खोक्यावर ठळक छापलंय, 'गाडीच्या रंगात रंगवता येतो'. आमच्या पेंटरने 400 नंबरचा पॉलिश पेपर मारला, प्लास्टिकचा प्रायमर दिला, मग रंग आणि वर क्लिअर कोट. तिसऱ्या आठवड्यात पोपडे धरले. नख लावलं की प्रायमरसकट पापुद्रा हातात येतो. तुम्ही म्हणालात, पेंटरला काम येत नाही. स्नॉर्कल उतरवून आतून पाहिला, तर साच्यातच 'एलएलडीपीई' उमटलेलं. म्हणजे पॉलिइथिलीन! एबीएस जातीचं प्लास्टिक असतं तर हेच काम टिकलं असतं. पॉलिइथिलीनला आधी ज्योत फिरवून पृष्ठभाग तयार केल्याशिवाय रंग धरत नाही, हे माल बनवणाऱ्याला ठाऊक नसतं का? मग खोक्यावर ते का छापलं?

रंगाचं एक वेळ सोडून देईन. पुढचं सोडणार नाही.

तुमच्याच सूचनापत्रकात आहे की इंजिन चालू ठेवून स्नॉर्कलचं तोंड तळहाताने झाकावं, इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. माझं चालूच राहिलं. मडगार्डच्या आतला रबरी पाइप एअर फिल्टरच्या डब्यावर नीट बसत नाही, क्लॅम्प कितीही आवळला तरी फट राहते. जिथून हवा जाते तिथून पाणीही जाणार. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं.

हेच आज फोनवर सांगत होतो. तो म्हणाला, "टेस्ट कशाला करता?" म्हटलं, तुमच्या कागदावर आहे. "तो कागद सगळ्या मॉडेलांना एकच असतो." म्हटलं, मग माझ्या मॉडेलचा द्या. त्यावर म्हणाला, "अहो काका, स्नॉर्कल लोक लुकसाठी लावतात. पाण्यात कोण घालतंय?" मी सांगितलं, मी चिपळूणचा आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी इथेच होतो. तर म्हणे, "मग काका, बोट घ्या." मागे दोघं-तिघं हसले. फोन स्पीकरवर होता.

भर पुरात गाडी घालणारा माणूस मी नाही. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. वाटेतल्या फरशीवरचं, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरचं पाणी ओसरायला लागलं तरी बराच वेळ गुडघ्याच्या खाली जात नाही. तेवढ्यासाठी हा खर्च केला. चांगल्या मडगार्डला होल सॉने भोक पाडून घेतलं. ते भोक आता बुजत नाही.

जुन्या जीपवर तुमचाच कॅरिअर होता. नऊ वर्षं हलला नाही. त्याच भरवशावर दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. आज त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

स्नॉर्कलची पूर्ण किंमत, रंगकामाचा खर्च आणि नव्या मडगार्डचे पैसे पंधरा दिवसांत द्या. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि मी जाणार. 'रंगवता येतो' छापलेला खोका जपून ठेवलाय. बिल, फोटो आणि तळहात ठेवून केलेल्या टेस्टचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

एक ग्राहक, चिपळूण